नकाशातला बसलेला माणूस

आमच्या दोह्याच्या ऑफिसात प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असायची. तिच्यात दोन छोटी घरं. एकात नकाशा काढणाऱ्याची आद्याक्षरं, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. काढणाऱ्याच्या घरात आम्ही ड्राफ्ट्समन, तपासणाऱ्याच्या घरात साहेब. नकाशाचे प्रिंट सरकारी खात्याकडे जायचे तेव्हा आम्हीच त्यांची खालची पट्टी कटरने कापून टाकायचो. कारण विचारायची पद्धत नव्हती. कापलेल्या पट्ट्या टेबलाखाली पडायच्या, त्यांच्यावर आमची अक्षरं असायची आणि संध्याकाळी त्या केरात जायच्या.

ही गोष्ट आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या पट्टीमुळे केलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं बजावत आलो. ते अर्धंच खरं आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकहून कतारला गेलो. आर्किटेक्ट व्हायचं होतं, ते घरच्या परिस्थितीने जमलं नाही, म्हणून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. कंपनीने दोघांना मिळून एक खोली दिली होती. माझा खोलीतला सोबती मालवणकडचा, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. वडील सुतार, होड्याही बांधायचे. त्याला सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. इंग्रजी बेताचं, पण हात असा की कंपनीच्या गोऱ्या पार्टनरने एकदा त्याचा ट्रेसिंग पेपर उजेडाकडे धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

आमच्या धंद्यात हात ओळखता येतो. भिंतीच्या कोपऱ्यात दोन रेषा मिळतात तिथे कुणी त्या काटेकोर थांबवतो, कुणी एकमेकींच्या जराशा पलीकडे नेतो. दादा नेत असे. त्याच्या इंग्रजी ‘आर’चा पाय लांब, पाण्यात सोडलेल्या वल्ह्यासारखा. आणि त्याचा माणूस. नकाशात घराचा आकार कळावा म्हणून एखादा माणूस काढतात. सगळ्यांचा माणूस उभा असतो. दादाचा माणूस बसलेला असे, एक गुडघा वर, त्यावर हात.

“असा का बसवता?” मी एकदा विचारलं.

“उभो काढलंस तर घर बारीक दिसता. बसवलंस की घर रवण्यासारख्या वाटता,” तो म्हणाला. रवणं म्हणजे त्यांच्याकडे राहणं. “तुझो माणूस बग. बस चुकल्यासारखो उभो.”

शुक्रवार सुट्टीचा. मी कपडे धुवायचो, झोपायचो, शेजारच्या खोलीत पत्ते खेळायचो. दादा पहाटेच कुणाच्या तरी पिकअपमधून अल वक्राला जायचा. तिथे कोळ्यांची जुनी वस्ती होती. समुद्रातल्या दगडाच्या भिंती, त्यावर जिप्समचा गिलावा, छताला खारफुटीचे वासे. मूळचे लोक सरकारने बांधलेल्या नव्या घरांत गेले होते आणि जुन्या घरांत कामगार राहत होते. जी रिकामी होती ती पडत होती. दादा टेप, पाटी आणि कागद घेऊन ती घरं मापायचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हे वासे त्याच्या बापाने बांधल्यासारख्याच गलबतांतून आले असणार आणि त्यांच्या लांबीवरून खोलीची रुंदी ठरली असणार, म्हणून तिथली एकही खोली फार रुंद नव्हती.

“येतंस?” त्याने मला दोनतीनदा विचारलं होतं.

“आठवडाभर नकाशे काढून सुट्टीच्या दिवशीही नकाशेच? दादा, तुम्हाला बायको इथे आणायला हवी,” मी म्हणालो. पत्त्यांना जमलेले सगळे हसले. पुन्हा त्याने विचारलं नाही.

आमचे साहेब पुण्याचे. सीनियर इंजिनियर, अल रय्यानला बंगला, बायको सोबत. एकुलता मुलगा कॅनडातल्या एका विद्यापीठात आर्किटेक्चर शिकत होता. मला साहेबांविषयी पहिल्यापासून संशय होता आणि त्याला थोडंफार कारणही होतं. एका मशिदीच्या अंगणाचं दादाने सुचवलेलं रेखाटन त्यांनी मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून मांडलं होतं. दादा पुढच्या नकाशाला लागला. मी मात्र त्या दिवसापासून साहेबांवर नजर ठेवली. ते हसले तर का हसले, दार लावून फोनवर कुणाशी बोलले, कुणाच्या टेबलापाशी जास्त वेळ थांबले. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. अशा ठिकाणी माणूस संशय घ्यायला लवकर शिकतो आणि मग त्याला त्याची गोडी लागते. मला लागली होती.

ऐंशीनंतरच्या दोन उन्हाळ्यांत मुलगा दोह्याला आला. उंच, केस वाढवलेला, मराठी कळायचं पण तोंडातून अर्धं इंग्रजी यायचं. ऑफिसात आला की तो दादाच्या टेबलापाशी उभा राहून काही विचारायचा. मी बघायचो. साहेबाचा मुलगा ड्राफ्ट्समनच्या टेबलाशी उगाच उभा राहत नाही, असं मला वाटायचं.

“काय हवं असतं त्याला?” मी दादाला विचारलं.

“काय नाय रे. पोर शिकता हा, इचारता.”

“काय विचारतो?”

दादा पेनाची निब पुसत राहिला. “तुका कित्या व्हये पंचायती?”

त्याने सांगितलं नाही म्हणजे सांगण्यासारखं नाही, असा मी अर्थ लावला. त्या उन्हाळ्यांत शुक्रवारी दादाला न्यायला पिकअप येत नसे, गल्लीच्या तोंडाशी साहेबांच्या घरची पांढरी गाडी थांबायची. ती मी खिडकीतून पाहिली होती. तिचाही अर्थ मी लावला: साहेब याच्याकडून सुट्टीच्या दिवशी फुकट काम करून घेतायत.

नंतरच्या वर्षी मुलगा आला नाही. त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट झाला होता आणि तिथेच कुठेतरी तो उमेदवारी करत होता. गणपतीला दादा दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेला. कोकणातला माणूस गणपतीला गावी नसला तर त्याला चैन पडत नाही. जाण्याआधी त्याने माझी डायरी ओढून घेतली आणि पहिल्या पानावर गावचा पत्ता लिहिला. “मी मेलंय तर खंय कळवतलंस? हंय कळव,” असं म्हणून स्वतःच हसला.

साहेबांकडे दीड दिवसाचा गणपती बसायचा. त्या दिवशी आम्हा सड्या लोकांनाही जेवायला बोलावणं असे. कुटुंबवाले आत हॉलमध्ये, आम्ही बाहेर पडवीत सतरंजीवर. वरणभात वाढता वाढता साहेबांच्या बाई सांगत होत्या, “आमच्या बाळाला बक्षीस मिळालंय हं. अख्ख्या कॉलेजातून एकालाच देतात.”

आतून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे आता साहेब हरले!”

साहेब हसले. “हो, शब्द दिला होता मी. माझं मत होतं, हे चित्रं काढणं पुरे, पेट्रोलियममध्ये ये. म्हटलं, एवढं असेल तर बक्षीस मिळवून दाखव, मग मी तोंड उघडणार नाही. पठ्ठ्याने मिळवलं! नोव्हेंबरच्या समारंभात देणार. त्यातून वर्षभर जुन्या गावांचा अभ्यास करायला मिळणार आहे. कुठे करणार माहितेय? इथे, वक्रात! कॅनडाला पाठवला आणि पोरगा वक्राला येतोय!”

सगळे हसले. विद्यापीठाने छापलेली एक पुस्तिका हातोहात फिरत होती. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची निवडक कामं होती तिच्यात. फिरत फिरत ती पडवीत आली. मी हात धुऊन घेतली.

चार पानं त्याची होती. वक्रातली जुनी घरं न पाडता त्यांच्यात होड्या बांधण्याची शाळा आणि मासळीबाजार बसवलेला. पहिल्या दोन पानांवर घरांची मापं घेऊन केलेले नकाशे. मी पाहिलं आणि पान उजेडाकडे धरलं. कोपऱ्यात रेषा एकमेकींच्या पलीकडे गेलेल्या. लांब पायाचा ‘आर’. वाशांच्या खाली, दाराच्या सावलीत, एक गुडघा वर घेऊन बसलेला माणूस.

खालची पट्टी नव्हती. छापताना पानाच्या मापात कापली होती.

मी ती पुस्तिका शेजारच्याकडे दिली. कुणीतरी विचारलं, “कसं वाटलं? तुमच्या लाइनचं आहे.”

“हात चांगला आहे,” मी म्हणालो.

आतून बाईंनी ऐकलं असावं. मोदक घेऊन त्या मुद्दाम पडवीत आल्या आणि माझ्या पानात दोन जास्त वाढले. मी ते खाल्ले.

पुढच्या गुरुवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर मी टाइपरायटरवर बसलो. इंग्रजीत पत्र लिहिलं. अमुक विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधले मोजणीचे नकाशे त्याचे नसून त्याच्या वडिलांच्या हाताखालच्या एका गरीब ड्राफ्ट्समनचे आहेत, त्याला विचारायची कुणी तसदी घेतलेली नाही, आपल्या विद्यापीठाच्या नावाला हे शोभत नाही. खाली सही नाही, ‘एक हितचिंतक’ एवढंच. पत्ता पुस्तिकेच्या मागच्या पानावरून आधीच टिपून घेतला होता. विद्यापीठाच्या पत्त्यावर पाठवलेलं ते माझ्या आयुष्यातलं एकमेव पत्र. तरुणपणी प्रवेशअर्ज पाठवायचा राहिला होता, तो असा पाठवला.

मी दादासाठी लढतोय, असं मला वाटत होतं. हे खोटं नाही. पण पाकीट चिकटवताना दादा परत येईपर्यंत थांबावं, त्याला विचारावं, हा विचार माझ्या मनात आला होता, आणि मी तो बाजूला सारला. तो ‘नको’ म्हणेल अशी मला भीती होती. न्याय करायला निघालेला माणूस ज्याच्यासाठी न्याय करायचा त्यालाच विचारत नाही, यात काय ते समजायला हवं होतं.

महिना गेला. मग साहेब बदलले. जेवणाच्या सुट्टीत ते केबिनमधून बाहेर येईनात. एकदा त्यांनी दोनदा तपासलेला नकाशा तिसऱ्यांदा मागवला आणि न बघता परत दिला. मला आत एक प्रकारचं समाधान होत होतं. कॅनडाहून काहीतरी आलेलं दिसतंय, मी मनात म्हणालो. आता बघू कशी सारवासारव करतात.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“तुमचे रूम पार्टनर कधी परततात?”

“अजून महिना आहे, सर.”

“गावचा पत्ता असेल ना तुमच्याकडे? फाइलीत मुंबईचा आहे, परळचा. तिथे तार केली, ती परत आली. त्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं.”

“काही काम होतं का, सर? मी करू शकेन का?”

ते पेपरवेट फिरवत राहिले. “नाही, ते त्यांच्याशीच आहे. घरगुती आहे म्हणा.”

घरगुती! मला सगळं लख्ख दिसल्यासारखं झालं. दादाला गावी गाठायचं, दबाव आणायचा, ‘ते नकाशे माझे नाहीत’ असं लिहून घ्यायचं. त्याचा पासपोर्ट, त्याची नोकरी, सगळं यांच्या हातात. भोळा माणूस, लिहून देईल.

“पत्ता नाही, सर,” मी म्हणालो. “मालवणकडचं कुठलं तरी गाव आहे एवढंच माहीत आहे.”

“तुम्ही पाच वर्षं एका खोलीत राहता.”

“विचारायची वेळ आली नाही, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी त्या वेळी लबाड माणसाचा वाचला. आज आठवतो तेव्हा तो फक्त एका बापाचा असतो, ज्याला मुलावरचा आळ नोकरासमोर उघड करायची लाज वाटत होती. डायरी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

त्यानंतर पाचसहा दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं. तिथे पत्रं घरी येत नसत, कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये यायची आणि ऑफिसात वाटली जायची. आमच्या खोलीची मीच घेत असे. लांबट पाकीट, कॅनडाचं तिकीट, दादाचं नाव टाइप केलेलं. त्याची इंग्रजी पत्रं मीच वाचून द्यायचो, तशी त्याची मुभा होती. त्या मुभेवर मी ते उघडलं.

पत्र सभ्य होतं. विद्यार्थ्याच्या कामाबद्दल एक निनावी तक्रार आली आहे. विद्यार्थ्याचं म्हणणं असं की त्याने ते नकाशे आपल्याकडून शिकून, आपल्या देखरेखीखाली, स्वतः काढले आहेत. आपण तसं दोन ओळींत कळवल्यास समितीची खात्री होईल. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास या वर्षीचं बक्षीस दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावं लागेल. सोबत मूळ नकाशाच्या कोपऱ्याची झेरॉक्स.

ती झेरॉक्स मी टेबलावर सपाट केली. पुस्तिकेत कापलेली पट्टी तिच्यात पूर्ण होती. काढणाऱ्याच्या घरात मुलाची आद्याक्षरं. तपासणाऱ्याच्या घरात दादाची.

आमच्या ऑफिसात दादाची अक्षरं त्या घरात कधीच पडली नव्हती, माझीही नाही.

पहिला विचार हाच आला की ही मागाहून घातली असतील. संशयाला इतकी सवय झाली होती की तो आपणहून पुढे आला. मी भिंग घेतलं. मुलाच्या घरातली अक्षरं दादासारखी होती, पण जपून काढलेली, ‘आर’चा पाय टोकाला थरथरलेला. दुसऱ्या घरातली एका झटक्यात मारलेली, शाई संपत आलेल्या पेनाने, जशी दादा मारत असे. एक शिकणाऱ्याचा हात होता, एक शिकवणाऱ्याचा. पडवीत बसून छापील पानावर मी त्यांना एकच समजलो होतो. शागिर्द शेजारी बसतो तेव्हा उस्तादाच्या हाताची ढब उचलतो, हे कुठल्याही ड्राफ्ट्समनला माहीत असतं. मीही माझ्या पहिल्या मास्तरांसारखे आकडे वर्षभर काढत होतो.

तारखेला अजून अठरा दिवस होते. मालवणकडे तार दोन दिवसांत पोचली असती. नुसतं डायरीचं पान साहेबांपुढे ठेवलं असतं तरी पुरलं असतं.

मी ठेवलं नाही. का, ते इथे सरळ लिहितो. पत्ता नाही असं मी सांगून बसलो होतो. दादाचं उत्तर गेलं असतं तर मग निनावी पत्र कुणाचं हा प्रश्न उरला असता आणि ऑफिसच्या टाइपरायटरचा ‘ई’ वरून बुजलेला यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली असती, खलास, पुढच्या विमानाने परत. हे एक. दुसरं सांगायला जास्त कठीण आहे. त्या झेरॉक्सकडे बघताना मला मुलाचा राग आला. दादाचा त्याहून जास्त आला. त्याने साहेबांच्या मुलाला शिकवलं होतं. मला विचारलं होतं आणि मी हसलो होतो, हे त्या क्षणी मी विसरून गेलो.

माझ्या कंपासपेटीच्या तळाला निळी मखमल होती. तिच्याखाली मी पत्र घडी करून ठेवलं. अठरा दिवस रोज ती पेटी उघडून काम केलं.

तारीख गेली. साहेबांनी नंतर कुणालाच काही विचारलं नाही. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं बोलावणं आलं नाही.

दादा परत आला, सोबत आमसुलं आणि खाज्याचे पुडे. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, “झिलाच्या बक्षिसाचां काय झालां?”

“कुठलं बक्षीस?”

“साहेबाच्या पोराच्या रे. जाताना तुका सांगूक नाय. दोन उन्हाळे वक्राक येय होतो माझ्यावांगडा. बापाशीक ठाऊक नाय, पोराक वाटा होता बापूस रागावतलो, म्हणान मी खंयच बोलूक नाय.” तो हसत होता. “पहिल्या दिवशी माणूस उभो काढल्यान. तुझ्यासारखो! म्हटलं, बसव मेल्या तेका.”

“दुसऱ्या कुणाला दिलं म्हणतात,” मी म्हणालो.

दादाने खाज्याचा पुडा बांधून फळीवर ठेवला. मग म्हणाला, “चल, जांव दे. पोरगो येतलो उन्हाळ्यात, तेवा बगू.”

उन्हाळा आला. शुक्रवारी दादा आंघोळ करून, दोन पाट्या आणि दोन टेप घेऊन गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. पांढरी गाडी आली नाही. तीनचार शुक्रवार मी खिडकीतून त्याला परत येताना पाहिलं. मग तो पुन्हा पिकअपने एकटा जाऊ लागला आणि पुढे तेही थांबलं. त्याच सुमारास तिथली घरं बुलडोझरने पाडायला सुरुवात झाली होती. त्याने जेवढी मापली होती तेवढी कागदावर राहिली. बाकीची नाहीत.

“साहेबाचो झील तो,” तो एकदाच म्हणाला. “इसारलो.”

मी स्टोव्हवर चहा करत होतो. पाठ त्याच्याकडे होती. त्या वेळी वळायला हवं होतं.

साहेबांनी ऑफिसात दादाशी कामापलीकडे बोलणं सोडलं. त्यांच्या बाजूने पाहिलं तर मुलाने समितीपुढे या माणसाचा हवाला दिला आणि परतल्यावर विद्यापीठाचं पत्र हातात पडूनही याने दोन ओळी लिहिल्या नाहीत. दादाला वाटायचं, आपण मुलाला बिघडवलं म्हणून साहेब नाराज आहेत. दोघंही मानी. मधे मी बसत असे, दोघांच्या टेबलांच्या बरोबर मधे.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्ही एकेक करून परतलो. दादा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, “बाबा नेहमी इचारीत, त्या झिलान मगे एक पत्र पण कित्या धाडल्यान नाय?” नकाशांच्या नळकांड्या माळ्यावर होत्या. तिने विचारलं, उघडून बघायच्यात का. मी म्हणालो, पुढच्या वेळी.

त्यानंतर मी गेलो नाही.

गेल्या वर्षी साहेब गेल्याचं पेपरात वाचलं. पुण्याला त्यांच्या घरी गेलो. बाई नव्वदीच्या घरातल्या, पण आवाज तोच.

“तुम्ही ते ड्रॉइंगवाले का?”

“हो, बाई. त्या दोघांतला एक.”

“कुठला?”

मी सांगितलं. त्यांना फरक पडलेला दिसला नाही. मुलाविषयी विचारलं तर म्हणाल्या, “तो कॅनडातच आहे. पाइपांच्या गोदामाचं सगळं बघतो. नकाशे? छे, ते कधीच सोडलं. बक्षीस हुकल्यावर बापाशी भांडला, पेट्रोलियमलाही आला नाही आणि नकाशेही सोडले. दोघं नीट बोललेच नाहीत नंतर.” मग त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. “ह्यांचंही शेवटी तेच चाललं होतं. म्हणायचे, मी पत्ता शोधायला कमी पडलो.”

मी तिथेच सांगायला हवं होतं. पाणी प्यायलो आणि मुलाचा पत्ता मागून घेतला.

घरी येऊन कंपासपेटीची मखमल उचलली. पत्राची घडी फाटायला आली होती, झेरॉक्स पिवळी पडली होती, अक्षरं वाचता येत होती. दोन्ही पाकिटात घातली आणि सोबत चार पानं लिहिली, इथे लिहिलं आहे तेच, आणि या वेळी खाली सही केली. क्षमा मागितली नाही. त्यावर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

सात आठवड्यांनी पाकीट आलं. माझं नाव आणि पत्ता हाताने लिहिलेला, इंग्रजीत. दारातच उभा राहिलो. ‘आर’चा पाय लांब होता, आता न थरथरता काढलेला. चाळीस वर्षं गोदामाच्या याद्या लिहूनही तो हात तसाच राहिला होता.

आत एकच कागद. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. रागाचं नाही, माफीचं नाही. इंग्रजीत एवढंच होतं: काकांच्या, म्हणजे दादाच्या, गावचा पत्ता पाठवा. आणि त्यांच्या नळकांड्या कुणाकडे आहेत ते कळवा.

त्या जुन्या डायरीचं पहिलं पान मी टेबलावर ठेवलं. चष्मा पुसला. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. खाडीच्या बाजूचं घर, सड्याच्या पठारावरून उतरताना दुसरं, हेही लिहिलं, कारण पत्त्यात ते नव्हतं आणि तो पहिल्यांदाच जाणार होता. मुलीचं नाव लिहिलं, नळकांड्या माळ्यावर आहेत हे लिहिलं. मग दादाच्या अक्षरांशी माझा कागद एकेका ओळीने ताडून पाहिला, वरून खाली, पुन्हा वरून खाली, आणि पोस्टात टाकायला निघालो.